प्रेषिताची वहाण

दि. ६ फेब्रुवारी

सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

पत्र तुमच्या एकटीच्या नावानं आलेलं पाहून दादा भुवया उंचावेल. त्याला सांगा, की विणताय त्या स्वेटरचं माप कळवलंय. छाती दोन बोटं वाढली आहे, हेही खरंच आहे. पण बाकीचं आधी एकट्या वाचा.

वहिनी, वहाण प्रेषिताची नाही.

एवढं एक वाक्य लिहायला कितीतरी कागद फाडले. आता लिहिलं तर किती छोटं दिसतंय. वर्षअखेरीला दादा ती पेटी आगगाडीनं स्वतः मांडीवर घेऊन आमच्या संग्रहालयात आला होता, आठवतं ना? गाडीत शेजारच्या बाईनं विचारलं, की पेटीत काय आहे, तर म्हणे पाहुणे आहेत, झोपलेत. पेटी त्यानं माझ्या टेबलावर ठेवली. मी ती उघडली तेव्हा तो खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. म्हणाला, की तू तुझं काम कर, मी मध्ये येत नाही.

काम मी केलं. कण काढून घेऊन वहाण त्याच दिवशी दादाबरोबर परत पाठवली, आणि चामड्याचे कण, शिवणीचा दोरा, सगळं वय मोजणाऱ्या प्रयोगशाळेला पाठवलं. उत्तर आलं आहे. वहाण सहा-सातशे वर्षांपूर्वीची आहे. प्रेषित त्याच्या आधी तेराशे वर्षं होऊन गेले. बिशपसाहेबांनी नेमलेल्या समितीतल्या इतिहासाच्या बाईंनीही हेच सांगितलं होतं, की त्याआधीच्या कुठल्याच कागदात या वहाणेचा उल्लेख नाही. त्या वेळी मी त्यांच्याशी वाद घातला होता. आता त्यांचंच खरं ठरलं.

बिशपसाहेब महिनाअखेरीनंतरच्या पहिल्या रविवारी निकाल तुमच्याच चर्चमध्ये वाचून दाखवणार आहेत. तोवर बाहेर बोलायचं नाही, अशी आम्हा सगळ्यांची सही घेतली आहे. ती सही मी या पत्रानं मोडतो आहे. समितीला चामड्याचा माणूस हवा होता तेव्हा दादानंच छाती फुगवून सांगितलं होतं, की परका कशाला, आमचा धाकटा आहे की चामड्याचा डॉक्टर. एक भाऊ वहाणेचा किल्लीदार आणि दुसरा परीक्षक, हे बरं नव्हे, हे मला तेव्हाच कळत होतं. तरी नाही म्हणालो नाही. वाटलं, वहाण खरी निघाल्याची बातमी दादाला आनंदानं द्यायची संधी आयुष्यात कुणाला मिळणार असेल तर ती मला मिळावी.

आता विनंती. रविवारी भर चर्चमध्ये त्याच्या कानावर हे पडू नये. तुम्ही त्याला आधी सांगा. त्याचा मूड, त्याची वेळ तुम्हाला कळते. मी सांगायला गेलो तर घोटाळा करून ठेवीन. तुम्ही सांगितलंत तर तो ऐकून घेईल, रुसेल, दोन दिवस कमी जेवेल आणि उठेल. एवढं माझ्यासाठी करा.

मुलं मजेत. मोठीला चष्मा लागला. तुमच्या मायेवर हक्क सांगायची सवय तुम्हीच लावलीत, तेव्हा ती तशीच राहू द्या.

तुमचा,
धाकटा


दि. १४ फेब्रुवारी

चि. भावोजींस,
अनेक आशीर्वाद.

दोन बोटं म्हणता, पण मी चार धरली आहेत. तुमच्या बोटांचा हिशेब मला लग्नापासून ठाऊक आहे. चिमूटभर साखर म्हणून मूठभर तोंडात टाकायचात.

पत्र वाचलं. दोनदा वाचलं आणि मग शिवणाच्या डब्यात ठेवलं. हे समोरच बसून वहाणेच्या काचपेटीचं फडकं धूत होते. ते फडकं धुवायला मला देत नाहीत, माहीत आहे ना? माझ्या साबणाचा वास काचेला लागतो म्हणे. मी यांच्याकडे पाहिलं आणि म्हटलं, आज नको. सोमवारी यांना सर्दी झाली. मग चर्चच्या छपराचं काम निघालं, गवंडी वर आणि हे खाली, दिवसभर मान वर करून. आता बघते. सांगते हो, सांगते. तुम्ही काळजी करू नका.

एक विचारू? मला यातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून विचारते. आपले हेडमास्तर, निवृत्त झाले तरी सगळ्या गावाला अजून छडी दाखवतात ते, परवा घरी आले होते. निकाल त्यांना माहीत नाही, पण बोलता बोलता म्हणाले, की वहाणेचा तळवा वापरून झिजतो, तो पुढे कुणीतरी बदलला असेल. चाचणी तळव्याची केली तर वय कमीच येणार. खरी वस्तू पट्टा. आणि इतकी वर्षं मेणबत्त्यांचा धूर, लोकांचे हात, तेल, यानंही वय चुकतं म्हणे. यांचा चेहरा असा उजळला म्हणून सांगू! तर भावोजी, पट्टा तपासला नाही, असं नाही का लिहिता येणार? खोटं लिहा म्हणत नाही मी. थोडं दार किलकिलं ठेवा. यांना त्या फटीतून बघत बघत म्हातारं होऊ द्या.

बाकी ठीक. तुमचं पत्र पार दुपार उलटल्यावर मिळालं. आमची टपालवाली हल्ली पाय ओढत येते. अंगठ्याला बूट लागून जखम झाली, ती काही भरत नाही. हे एरवी कुणासाठी काच उघडत नाहीत, पण तिच्यासाठी दर गुरुवारी उघडतात, वहाणेवर हात ठेवू देतात. दिवसभर चालणाऱ्या बाईला पायांचं दुखणं, मग चालत जग फिरलेल्याच्या वहाणेनं नाही तर कशानं बरं व्हायचं, असं यांचं म्हणणं. तिनं दवाखान्यात दाखवू का विचारलं होतं. हे म्हणाले, की प्रार्थनेचे आठवडे धरलेत तर पुरे होऊ देत, मध्येच विश्वास पातळ करू नको. ती आली की मी गोड चहा करून देते. बिचारीला तहान फार लागते.

मोठीला सांगा, चष्म्यानं मुलगी हुशार दिसते. यायचं मनावर घ्या. नुसत्या कागदावरच्या नमस्कारांनी माझं पोट भरत नाही.

तुमची,
वहिनी


दि. १९ फेब्रुवारी

सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी हसलो आणि मग दिवसभर कामात लक्ष लागलं नाही.

पट्टा तपासला आहे. बकलाखाली, जिथे कुणाचा हात पोचत नाही, तिथून कण घेतला होता. हेडमास्तरांना जे सुचलं ते मलाही सुचलं होतं. खरं तर मी तीच आशा धरून पट्ट्याचा कण घेतला. तळवा नवा निघावा आणि पट्टा जुना, असं मनातल्या मनात मागत होतो. तपासणाऱ्यानं असं काही मागू नये. धूर, तेल, सगळं धुऊन मगच चाचणी होते. तळवा, पट्टा, दोरा, तिघांनी एकच उत्तर दिलं. दार किलकिलं ठेवण्यासारखं काही उरलं नाही, वहिनी. आणि उरलं नसताना ठेवलं, तर उद्या दादाच्या डोळ्याला डोळा कसा देऊ?

डोळ्याला डोळा म्हणतो खरा. पण तुम्ही मनात म्हणत असाल, की एवढा सत्याचा पुतळा आहेस तर गाडीत बस आणि स्वतः येऊन सांग. मी स्वतःला सांगितलं, की सही केली आहे, मी तिथे दिसलो तर लोक ओळखतील. हे कारण मला पुरेसं वाटतं, असं मी ठरवलं आहे.

तुम्ही त्याला सांगितलंत की नाही, ते पत्रात नीट कळलं नाही. बघते म्हणालात. तुमचं बघते म्हणजे झालंच, असं लहानपणापासून समजत आलो, तसंच आताही समजतो. रविवार आता लांब नाही.

आणखी एक, आणि हे वहाणेपेक्षा महत्त्वाचं. न भरणारी जखम आणि सारखी तहान, हे एकत्र ऐकून मला चैन पडेना. आमच्या शेजारचे डॉक्टर आहेत त्यांना विचारलं. ते म्हणाले, की रक्तातली साखर वाढली असेल तर पायाची जखम आतल्या आत पसरते, दुखतही नाही फारसं, आणि मग फार उशीर झालेला असतो. टपालवालीला आजच्या आज दवाखान्यात पाठवा. आठवडे वगैरे काही नको. आणि तो गोड चहा बंद करा.

उत्तर लवकर द्या. तुमचं अक्षर पाहिलं की घरी गेल्यासारखं वाटतं, एवढ्यावर सध्या भागवतो आहे.

तुमचा,
धाकटा


दि. २८ फेब्रुवारी

चि. भावोजींस,
अनेक आशीर्वाद.

आशीर्वाद द्यायचा मला काय अधिकार, पण हात सवयीनं लिहून जातो.

मी यांना सांगितलं नव्हतं.

काल सकाळी हे नेहमीसारखे चर्चच्या पायऱ्या झाडत होते. मी डबा घेऊन गेले होते, म्हणून डोळ्यांनी पाहिलं. वर्तमानपत्राचा एक तरुण माणूस आला, छान गोड बोलणारा. तुमच्या समितीतल्या कुणाच्या तरी तोंडाला कुलूप नव्हतं, त्याला सगळं कळलेलं. त्यानं विचारलं, की वहाण खोटी निघाली, तर इतकी वर्षं तिची राखण करणाऱ्याला काय वाटतं. हे हसले. म्हणाले, की निकाल रविवारी आहे, तुम्ही चुकीच्या दिवशी आलात. मग तो म्हणाला, की तपासणी तर तुमच्याच सख्ख्या भावानं केली ना, त्यानं सांगितलं नाही तुम्हाला?

हे पुन्हा झाडूकडे वळले. उरलेल्या पायऱ्या झाडल्या. आत जाऊन काच पुसली, नेहमीसारखी, कोपरे धरून. कुलूप लावलं. वाटेत माझ्याशी छपराबद्दल बोलले, की गवंड्यानं पन्हळ उलटी बसवली आहे. घरी आल्यावर किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि मला विचारलं, की तुला माहीत होतं का. मी हो म्हटलं. कधीपासून, ते विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

भावोजी, मी टाळत होते असं नाही, रोज सांगणारच होते. सकाळी म्हणायचे, जेवण झाल्यावर सांगू. जेवताना म्हणायचे, पोटात अन्न आहे, उठू देत. एकदा तर तोंड उघडलंही, तेवढ्यात यांनी मला दाखवलं, की रविवारी पाहुणे येतील म्हणून कोटाचं बटण स्वतः टाकलंय, वाकडं. मी ते बटण सरळ करत बसले. तुम्ही माझ्यावर भार टाकलात आणि मी तो पदराखाली झाकून ठेवला. शेवटी तो परक्यानं पायऱ्यांवर यांच्या डोक्यात घातला.

टपालवालीचं तुम्ही लिहिलं होतंत. मी तिला म्हटलं, एकदा दाखवून घे. ती म्हणाली, की काकांनी आठवडे पुरे करायला सांगितलंय, थोडेच राहिलेत. काकांचं ऐकू नको, असं म्हणायला हवं होतं. पण मग का ऐकू नको, ते सांगावं लागलं असतं, आणि त्यातून वहाणेचं बाहेर पडलं असतं. म्हणून पुढे बोलले नाही. चहात साखर मात्र घातली नाही. केवढा मोठा पराक्रम! कालपासून ती आलेली नाही, दुसराच माणूस टपाल टाकून गेला.

हे जेवतात, झोपतात, विचारलं तेवढं बोलतात. फक्त तुमचं नाव काढत नाहीत. माझंही नाही.

यापुढे मला काही सांगायला देऊ नका.

तुमची,
वहिनी


दि. ३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुला पत्र लिहायची सवय नाही. आपलं नेहमी वहिनींच्या पत्राच्या कडेला तुझी एक ओळ आणि माझी एक ओळ. आज पूर्ण कागद समोर आहे आणि सुरुवात जमत नाही.

वहिनींना दोष देऊ नकोस. त्यांच्या गळ्यात मी बांधलं ते. समितीची सही आड आली, असं मी त्यांना लिहिलं आणि स्वतःलाही पटवलं. पण सही मोडून वहिनींना लिहिता आलं, तर तुला का नाही लिहिता आलं? खरं हे आहे, की मला तुझा चेहरा बघायचा नव्हता. पेटी माझ्याकडे देताना तू खिडकीकडे तोंड करून उभा राहिलास. निकाल द्यायची वेळ आली तेव्हा मीही तेच केलं.

निकालाबद्दल माफी मागत नाही. तो बरोबर आहे. मी तीनतीनदा पाहिला, कुठे चूक सापडेल म्हणून. तुला मात्र तो माझ्या तोंडून, तुझ्याच स्वयंपाकघरात, दार लावून ऐकायचा हक्क होता. तो मी घालवला.

रविवारी मी आलो नाही. बिशपसाहेबांचं पत्र वाचलं गेलं तेव्हा तू पुढच्या बाकावर बसला होतास, असं इतिहासाच्या बाईंनी सांगितलं. त्या म्हणाल्या, की लोक तुझ्याकडेच बघत होते आणि तू समोर बघत होतास. मी तेव्हा इथे एका जुन्या खोगिराला तेल लावत बसलो होतो. रविवारी संग्रहालय बंद असतं.

उत्तर दे, असं म्हणायचं धाडस नाही. रागाच्या दोन शिव्या लिहिल्यास तरी मी जपून ठेवीन.

तुझा,
धाकटा


दि. २६ मार्च

चि. भावोजींस,
अनेक आशीर्वाद.

तुमची चार पत्रं आली, उत्तर एकाचंही दिलं नाही. हेडमास्तर असते तर अंगठे धरून उभं केलं असतं. पण घडतच असं गेलं.

यांच्या नावाचं पत्र यांना दिलं, फोडलेलं नव्हतं, आणि मी पलीकडच्या खोलीत जाऊन बसले. वाचून घडी घातली आणि खिशात ठेवलं. आपल्याला वाटत होतं, की वहाण गेली म्हणून हे मुके झालेत, किंवा तुमच्यावर रागावलेत. रागावलेत, खोटं कशाला सांगू. पण मुके झाले ते त्या कारणानं नाही.

टपालवाली हॉस्पिटलमध्ये आहे. तो वर्तमानपत्रवाला आला त्या गुरुवारीच तिला ताप भरला आणि तिच्या बहिणीनं उचलून नेलं. तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं खरं निघालं, साखरेचाच आजार. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली, अंगठा आणि त्याच्या शेजारचं. हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की महिनाभर आधी आली असती तर बहुतेक औषधावर भागलं असतं. हे मी आडून नाही ऐकलं. यांनी स्वतः त्यांना गाठून विचारलं, की स्पष्ट सांगा, आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं.

त्या दिवसापासून हे रोज हॉस्पिटलात जातात. सुरुवातीला वॉर्डाबाहेरच्या बाकावर नुसते बसायचे, भेटायची वेळ संपेपर्यंत. तिची बहीण यांच्याकडे बघायचीसुद्धा नाही. नर्सबाईंना वाटलं, कुणाचा तरी विसरभोळा बाप आहे. शेवटी टपालवालीनंच निरोप धाडला. म्हणाली, की राग आहे आणि तो कधी जाईल ते ठाऊक नाही, पण काकांना बाहेर बाकावर बसलेलं बघून शेजारच्या बायका मलाच विचारतात, त्यापेक्षा आत येऊन बसा.

आत गेले. तिनं समजुतीनं म्हटलं, की मला डॉक्टरची भीतीच होती, तुम्ही सांगितलं नसतं तरी मी गेले नसते. तिला वाटलं होतं, यांना तेवढाच आधार. पण हे म्हणाले, की तू मला विचारलं होतंस, जाऊ का म्हणून, आणि मी नको म्हटलं होतं. घरी येऊन मला सांगितलं तेव्हा पहिल्यांदा रडले. मी म्हटलं, मलाही भावोजींनी लिहिलं होतं तिच्या पायाचं, मीही बोलले नाही. यांनी बाजूला सरकून मला बसायला जागा दिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघं असे कधी बसलो नव्हतो.

चर्चमध्ये दोन तट पडलेत. काही म्हणतात, किल्लीदाराला पहिल्यापासून माहीत होतं. हेडमास्तर नवीन चाचणीसाठी सह्या गोळा करताहेत. पहिली सही यांची हवी म्हणून आले होते. यांनी त्यांना चहा दिला, सही दिली नाही. फादरना किल्ल्या परत करायला गेले, तर फादर म्हणाले, की पेटीतली वस्तू बदलली असेल, कुलूप तेच आहे, ठेवा. हे ठेवायला तयार झाले, पण एका अटीवर, की काच यापुढे कुणासाठी उघडणार नाही.

स्वेटर झाला आहे. पोस्टानं पाठवायचं जिवावर येतं. माझ्यावर राग असेल तर तो इथे येऊन काढा, तेवढीच भेट होईल.

तुमची,
वहिनी


दि. ९ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी वहिनी म्हणते, की मी लिहिलं नाही तर ती तुझ्या पत्राचं उत्तर माझ्या नावानं देईल. आधीच कोण कुणाच्या तोंडून काय बोललं, यात पुष्कळ नुकसान झालंय. म्हणून स्वतः लिहितो.

टपालवाली घरी आली. काठी घेऊन चालते. पोस्टात तिला बसून करायचं काम देणार आहेत, तिला ते मुळीच आवडलेलं नाही. म्हणाली, की अख्ख्या गावाची दारं मला ओळखतात, खिडकीमागून काय दिसणार. मी तिच्या घरी सामान पोचवतो. तिची बहीण आता दार उघडते.

वहाणेचं सांगतो. लोकांना वाटतं, मला तिचं दुःख आहे. सुरुवातीला होतं. रात्रंदिवस ज्याची काच पुसली, ते कुणा भलत्याचंच निघालं, म्हणजे माणूस तोंडघशी पडतोच. पण हॉस्पिटलच्या बाकावर बसून एक गोष्ट डोक्यात शिरली आणि ती जात नाही. तिची बोटं गेली ती वहाण खोटी होती म्हणून नाही. तुझा निकाल उलटा आला असता, ती प्रेषिताच्याच पायातली निघाली असती, तरी मी तिला तेच सांगितलं असतं, की दवाखान्यात जाऊ नको. आणि बोटं तरीही गेली असती. उलट मग मी आणखी जोरात सांगितलं असतं, आणि आणखी कुणाकुणाला. तेव्हा वहाण खरी की खोटी, हा वाद माझ्यापुरता मिटला. माझी चूक वहाणेच्या वयानं लहानमोठी होत नाही. हे मी फादरना सांगितलं. ते म्हणाले, की मीही दर गुरुवारी दारात उभा होतो.

आता तुझं. निकालासाठी मी तुझ्यावर रागावलो नाही. तू दार किलकिलं ठेवलं नाहीस, हे तुझ्या वहिनीनं मला आता सांगितलं. ठेवलं असतंस तर मी आजही त्या फटीला डोळा लावून बसलो असतो आणि ती बाई काच उघडायची वाट बघत बसली असती. ते तू बरोबर केलंस. पण माझ्यापर्यंत यायचं सोडून वहिनीच्या पदराआड लपलास, तो राग आहे. लहानपणी आरसा फोडलास तेव्हा लपला होतास ते शोभलं. आता तुझ्या मुलीला चष्मा लागला.

तुझ्याकडे एक काम आहे. बिशपसाहेबांच्या पत्रातलं लोकांना निम्मं कळलं नाही. हेडमास्तरांच्या सह्या वाढताहेत. मी समजावतो तर अर्धे म्हणतात, भावाची बाजू घेतो, आणि अर्धे म्हणतात, भावाच्या रागापायी बोलतो. तू ये. रविवारी प्रार्थनेनंतर पुढे उभा राहा आणि साध्या भाषेत सांग, काय तपासलं, कसं तपासलं आणि काय निघालं. हेडमास्तर तळव्याचं विचारतील, पट्ट्याचं विचारतील, त्यांना शेवटपर्यंत बोलू दे. लोक चिडतील. एखादा वहाण काढेल पायातली, ती मात्र अस्सल असेल. मी शेजारी उभा राहीन. तुझं झालं की माझं सांगायचं आहे मला, टपालवालीचं. तिनं हरकत नाही म्हटलंय. स्वतः येऊन बसणार आहे, मी काही गाळतो का बघायला.

वहिनीनं तुझी खोली झाडून ठेवली आहे. स्वेटर पलंगावर आहे. मापाचं मला काही विचारू नकोस.

शेवटी तुला माफ केलं, असं लिहायला घेतलं होतं. मग खोडलं. नीट पाहिल्याशिवाय सही करायची नाही, हे तुझ्याच धंद्यातलं आहे. तू ये, समोर बस. मग बघू.

दादा